गाडीत बोललेलं

त्या वसाहतीत कुणी बोलता बोलता मध्येच गप्प झालं, तर समजायचं, गाडी येतेय. नवख्या माणसाला वाटायचं, आपलं काही चुकलं की काय. मग खिडकीची तावदानं थरथरायला लागत, कपातला चहा कडेकडेनं हलायला लागे, आणि सगळं घर त्या धडधडीखाली बुडून जाई. गाडी गेली की समोरचा माणूस जिथं थांबला होता तिथूनच वाक्य पुढे सुरू करायचा.

एका बाजूला मुख्य मार्ग, दुसऱ्या बाजूला मालगाड्यांचं यार्ड, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात सरकारने कधीकाळी बांधलेल्या या इमारती. भाडं कमी, भिंती पातळ, माणसं खच्चून. गॅलरीतून रूळ इतके जवळ, की मालगाडीच्या डब्यांवर खडूनं लिहिलेलं वाचता यावं.

गाडी जाताना सगळेच गप्प बसत, असं मात्र नाही. काहींना नेमका तेव्हाच कंठ फुटायचा. सासूला जे तोंडावर बोलायची सोय नव्हती, ते सुना मालगाडीच्या भरवशावर खणखणीत आवाजात बोलून घेत. बापावर चिडलेली पोरं, बायकोवर वैतागलेले नवरे, सगळेच. ऐकू तर काही जात नसे, पण वर्षानुवर्षं तिथं राहून प्रत्येकाला थोडेफार ओठ वाचता यायचे. म्हणून वसाहतीत एक नियम पडून गेला होता. गाडीत बोललेलं धरायचं नाही. कुणाच्या ओठांवर काही दिसलंच, तर नजर दुसरीकडे वळवायची. या एका नियमावर तिथली कितीतरी घरं टिकून होती.

शिवणकाकूंचंही घर असंच टिकलेलं होतं, पण दुसऱ्या एका मौनावर. खोली नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा केव्हाच निघून गेलेला. कुठे, कुणाबरोबर, ते काकूंनी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. ज्याच्या नावावर खोली तो तिथं राहत नसेल तर खोली परत जाते, हे मात्र सगळ्यांना पाठ होतं. म्हणून काकूंच्या दोरीवर रोज एक पुरुषाचा शर्ट वाळत असे. शिवायला आलेल्या गिऱ्हाइकांचेच शर्ट ते. त्यामुळे माप दररोज बदलायचं.

"काकू, काल तुमचे यजमान काडीपैलवान होते, आज एकदम पोट सुटलं की!" शेजारची वहिनी गॅलरीतून ओरडायची.

"माझ्या हातचं खाऊन सुटलं," काकू तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणायच्या. "तुझ्या नवऱ्याचं नाही सुटत ते का, बघ जरा."

वहिनीची नणंद त्या दोघींचं ऐकून हसायची. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची, म्हणून मजल्यावर सगळे तिला चष्मेवाली म्हणत. काकूंच्या आणि त्यांच्या घरामध्ये एकच भिंत. भिंतीच्या या बाजूला दोन खोल्यांत चष्मेवाली, तिचे बाबा, दादा, वहिनी आणि दादाची दोन पोरं. चष्मेवालीचं अंथरूण स्वयंपाकघरात, ओट्याखाली पाय सारून. लग्नाचं जमत आलेलं दोनदा मोडलं, त्यात घराचा किती वाटा होता ते तिनं कधी मोजलं नाही, पण पाहुणे आले की ते आधी ओट्याखालच्या गुंडाळीकडे बघतात, हे तिला दिसायचं. वाढीव खोलीसाठी दादाने अर्ज दिला होता. लागून असलेली खोली रिकामी झाली, तर ती आधी अशाच कुटुंबाला मिळते, हेही सगळ्यांना पाठ होतं. त्याबद्दल मात्र कुणी चेष्टा करत नसे.

शनिवारी दुपारी गृहनिर्माण कार्यालयातून पाहणीचे साहेब आले. दरवर्षी येत. दरवर्षी काकू सांगत, "कामावर गेलेत," शेजारी माना डोलवत, साहेब पुढच्या दाराशी जात. या वेळचे साहेब नवीन होते. गॅलरीत उभे राहून त्यांनी दोरीवरच्या शर्टाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"यजमान कुठे असतात?"

"कामावर."

"शनिवारी?"

"त्यांच्या साहेबाला शनिवार-रविवार कळत नाही बघा. तुमच्यासारखंच." काकू हसल्या. साहेब हसले नाहीत.

ते चष्मेवालीकडे वळले. ती कठड्याला टेकून उभी होती, वहिनी तिच्या शेजारी, दारातल्या खुर्चीवर बाबा. "तुम्ही शेजारी ना? तुम्हाला दिसतात का यांचे यजमान?"

तिनं तोंड उघडलं आणि मालगाडी आली.

साहेबांनी कपाळाला आठ्या घालून कान झाकले. काकू नेहमीसारख्या थांबल्या. वहिनीनं डोळे मिचकावून ओठ हलवले, 'सांग, दिसतात की, रोज नव्या मापाचे!' चष्मेवालीला हसू आलं नाही. तिचं तोंड रुळांकडे होतं. समोर यार्डाच्या तोंडाशी सिग्नलचा दिवा होता आणि तो लाल होता. बाबा रेल्वेत रुळांचे सांधे बदलायचे; सांधेवाल्याची मुलगी ती. लाल दिवा दिसला की गाडी पुढे जात नाही, उभी राहते, हे तिला अक्षरं शिकायच्या आधीपासून ठाऊक होतं.

ते दिसलं, आणि मग ती बोलली. गाडीत बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलायचं असतं, तशीच.

चाकं रुळांवर कर्कश घासत आली, एकमेकांवर डबे आदळल्याचा आवाज सगळ्या गाडीभर शेवटपर्यंत पळत गेला, आणि एकदम शांत झालं. त्या शांततेत तिचं वाक्य उघडं पडलं.

"...कसला नवरा! कधीच पळून गेलाय तो. हिच्याकडे नुसते शर्ट आहेत!"

खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ बंद केला. साहेबांनी कानांवरचे हात हळूच खाली घेतले.

"बरं," एवढंच ते म्हणाले, आणि पुढच्या दाराशी न जाता जिना उतरून गेले.

काकूंनी दोरीवरचा शर्ट काढला, नीट घडी घातली, आणि चष्मेवालीच्या दंडाला हात लावला. "गाडीत बोललीस. धरायचं नाही." आणि आत जाऊन मशीन चालवायला बसल्या.

संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यानं मिळून त्या ड्रायव्हरचा उद्धार केला. इतकी वर्षं मालगाड्या सुसाट जातात, आणि मेल्याला आजच थांबायचं होतं! जो भेटेल तो चष्मेवालीला म्हणे, "मनाला लावून घेऊ नकोस ग. कुणाच्याही बाबतीत झालं असतं." ती मान खाली घालून "हं" म्हणे. तिची मान खाली गेलेली पाहून त्यांना आणखीच दया यायची.

जेवताना वहिनी पोरांची तोंडं धुवायला मोरीत गेली तेव्हा बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "सिग्नल लाल होता."

"हो?"

"तुझं तोंड तिकडेच होतं."

ती पाणी प्यायली. बाबांनी घास घेतला, चावला, गिळला. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. त्यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं. दिवा दिसणं आणि तोंड उघडणं, या दोन्हींमध्ये एखादा विचार होता का, हे ती अंथरुणावर पडून पुनःपुन्हा तपासत राहिली. दुकानात लोक अक्षरांच्या तक्त्यापुढे बसतात, ती भिंग बदलत विचारते, आता स्पष्ट दिसतं की मघाशी दिसत होतं? लोक गोंधळतात. तिला आता त्यांचा गोंधळ कळला. कुठलंही भिंग लावलं तरी नेमकं तेवढंच पुसट राहत होतं.

दुसऱ्या दिवशी काकू स्वतःच आल्या. "तू जाऊन सांगशील का ग त्यांना? चेष्टा केली म्हणावं. वहिनीची आणि तुझी नेहमीची चेष्टा चालली होती म्हणावं. तू शिकलेली, तुझं ऐकतील. माझं कोण ऐकतंय?"

"सांगते, काकू. उद्याच जाते."

आणि ती खरंच गेली. बसभर वाक्यं जुळवत गेली. कार्यालयात पंखा कुरकुरत होता, साहेब डबा उघडायच्या बेतात होते. तिला पाहून त्यांनी डबा बाजूला सरकवला.

"त्या दिवशी मी जे बोलले ना, ती चेष्टा होती," ती म्हणाली. "आमच्याकडे गाडी जाताना काहीही बोलतात."

"असं?" साहेब काही वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. "हे बघा, मलाही कुणाला घराबाहेर काढायची हौस नाही. नवा आहे, सुरुवातच अशी व्हावी असं मलाही वाटत नाही. तुम्ही भिंतीपलीकडे राहता. तुम्ही मला आत्ता सांगा, तो माणूस तिथं राहतो. मी ते धरून चालतो. विषय संपला."

तोंडात शब्द तयार होते. राहतात, एवढाच एक शब्द.

"वाढीव खोलीचा अर्ज तुमच्याच घरचा ना?" साहेबांनी सहज विचारलं. "भिंत एकच आहे म्हणून आठवलं."

"हो."

"बरं. मग? राहतो?"

बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते, पण इथं कुठलीही गाडी येणार नव्हती. तिला ओट्याखालची गुंडाळी दिसली, आणि त्याच वेळी भिंतीत एक दार दिसलं, नवं, रंगाचा वास येणारं.

"मी दिवसभर दुकानात असते," ती म्हणाली. "मला नक्की नाही सांगता येणार."

साहेबांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "ठीक आहे," म्हणाले आणि डबा पुढे ओढला.

गॅलरीत काकू वाट बघत उभ्या होत्या. तिच्या हातात पिशवी होती, पायात चप्पल होती, आणि तिनं सांगितलं, "बोलले मी, काकू. बघतो म्हणाले."

"देव तुझं भलं करो," काकू म्हणाल्या.

बघायचं ते साहेबांनी बघितलं. महिन्याच्या आत खोली सोडायचा हुकूम आला. पाठोपाठ दादाला बोलावणं आलं. वहिनीला रडू आलं, काकूंसाठी अगदी खरंखुरं, आणि डोळे पुसता पुसता तिनं भिंतीवर टिचकी मारून बघितली, दार कुठे बसेल म्हणून. चष्मेवालीला ती टिचकी आपल्याच कपाळावर बसल्यासारखी वाटली. वहिनीला काय बोलणार? वहिनीला काही माहीतच नव्हतं.

काकू बहिणीकडे राहायला जाणार होत्या. जायच्या सकाळी चष्मेवालीनं दुकानातून सुटी घेतली. खोलीत भांड्यांची पोती बांधून ठेवलेली होती, दोरी सोडवलेली होती, आणि मधोमध मशीन. काकू फरशीवर बसून चिंध्यांतून चांगले तुकडे वेगळे काढत होत्या.

"काकू, मला तुम्हाला सांगायचंय."

"सांग की."

"सिग्नल लाल होता. मी बोलायच्या आधी तो मला दिसला होता."

काकूंचा हात थांबला नाही. एक तुकडा इकडे, एक तिकडे.

"आणि ऑफिसात... त्यांनी मला स्पष्ट विचारलं. मी हो म्हटलं असतं तर तुमची खोली राहिली असती. मी हो म्हटलं नाही. तुम्हाला येऊन खोटं सांगितलं."

आता काकूंनी हातातला तुकडा मांडीवर ठेवला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधायचा तिनं प्रयत्न केला. तो असता तर तिला पाय धरता आले असते.

"हे आज कशाला सांगतेस?"

"तुम्हाला कळायला हवं म्हणून."

"मला कळून मी काय करू? बहिणीच्या दारात बसून उगाळत बसू?" काकूंचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "मी तुला म्हटलं होतं, धरायचं नाही. तेवढं घेऊन मी गेले असते. शेजार चांगला होता, नशीब वाईट, असं म्हणून गेले असते. आता तेही नाही राहिलं. तुला हलकं व्हायचं होतं, बाई. माझी एवढी पोती आहेत, त्यात तुझंही एक घालून जाऊ, होय?"

माफ करा म्हणायला चष्मेवाली आली होती, पण आता तेसुद्धा मागणंच ठरलं असतं. आणखी एक वस्तू, या खोलीतून नेलेली.

काकू गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "टेम्पोवाला खाली खोळंबलाय. मशीनची ती बाजू धर. लोखंडी आहे, बोटं सांभाळ."

दोघींनी मशीन उचललं. काकू पुढे, उलट्या पावलांनी, ती मागे. गॅलरीत बाबा खुर्चीवर होते. त्यांनी पाय आत घेऊन वाट दिली आणि मान फिरवली.

जिन्यावर दारं उघडत गेली. कुणी काकूंच्या पिशव्या घेतल्या, कुणी डोळ्याला पदर लावला. चष्मेवालीच्या कपाळावर घाम होता, केस सुटले होते, तळव्यात लोखंडाची कड रुतत होती.

"बघा हो," पहिल्याच वळणावरची म्हातारी म्हणाली, "शिकलेली पोर, पण सुटी काढून ओझी वाहतेय. त्या दिवसापासून बिचारीच्या घशाखाली घास उतरत नाही. काकू, तुम्ही काही मनात ठेवलं नाहीत ना?"

चष्मेवालीनं काकूंकडे पाहिलं. आता बोला, असं तिला मनापासून वाटलं. सगळ्यांच्या देखत बोला.

काकूंनी मशीन पायरीवर टेकवून श्वास घेतला. या माणसांत आता त्यांना राहायचं नव्हतं, हिला राहायचं होतं.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "गुणाची आहे ती."

"आहेच मुळी," म्हातारी म्हणाली आणि तिनं चष्मेवालीच्या पाठीवरून हात फिरवला.

"उचल," काकू म्हणाल्या. अजून दोन मजले उतरायचे होते, आणि प्रत्येक दारात माणसं उभी होती.