माझ्यावर खर्ची पडलेले रविवार

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे, आणि हल्ली कोणी माझे फार कौतुक करू लागले की मला मेल्याहून मेल्यासारखे होते. तुम्ही म्हणाल, जुन्या गाड्यांना तर मिरवण्याची केवढी हौस! मलाही होती. ती कशी जिरली, तेच तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मला एकच सिलिंडर, पण आवाज असा भारदस्त की मी वळणापलीकडे असतानाच लोक "आले, डॉक्टर आले" म्हणत अंगणात येत. हे डॉक्टर म्हणजे माझे पहिले मालक. ते गुरांचे डॉक्टर होते. अडलेली गाय, लंगडणारी घोडी, विषारी पाला खाल्लेल्या शेळ्या, अशा साऱ्यांसाठी मी त्यांना चिखलातून आणि दगडधोंड्यांतून नेले. एकदा आईने टाकून दिलेले वासरू पोत्यात गुंडाळून त्यांनी माझ्या टाकीवर आडवे घेतले होते. गरम टाकीची ऊब लागल्यावर ते हळूहळू डोळे उघडू लागले. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी फेरी, असे मी अजूनही मानते. डॉक्टर मला कधी चमकवत बसले नाहीत. वेळेवर तेल, नीट ताणलेली साखळी आणि जुन्या सदऱ्याच्या चिंधीचा एक हात, एवढ्यावर आम्हा दोघांचे छान चालले होते.

ते गेल्यावर त्यांच्या पुतण्याने मला थोडे दिवस वापरले. मग त्याने नवी गाडी घेतली आणि मला गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभे केले. आधी माझ्यावर पोती आली, मग मोडकी खुर्ची आली, आणि शेवटी कोंबड्या आल्या. टायर बसले, आरशाला बुरशी धरली. सीट उसवून काथ्या बाहेर आला, आणि एका खुडूक कोंबडीने तिथेच संसार मांडला. ज्या अंगावर बसून जीव वाचवणारा माणूस फिरला, त्या अंगावर विष्ठेचे थर! कोणी शेडचे दार उघडले की मला तोंड कुठे लपवू असे होई.

एके दिवशी दार उघडले आणि आत एक गृहस्थ आले. स्वच्छ कपडे, लांब बोटे. ते दातांचे डॉक्टर होते. त्यांनी मला पाहिले आणि त्यांचा श्वासच अडकला.

"किल्ली आहे का हो हिची?" त्यांनी पुतण्याला विचारले.

"किल्ली शोधू मग. आधी कोंबडी तर उठू दे," पुतण्या म्हणाला.

सौदा तिथेच ठरला. मला दोरांनी बांधून टेम्पोत चढवले. वाटेत दंतवैद्य पुढे बसायचे सोडून मागे माझ्याजवळ बसले आणि प्रत्येक खड्ड्याला माझे हँडल घट्ट धरत राहिले. इतकी वर्षे मला कोणी असे धरले नव्हते, मित्रांनो. मी विरघळून गेले.

त्यांच्या घराच्या पुढच्या भागात दवाखाना होता, मध्ये राहत्या खोल्या आणि मागे एक खोली. त्या खोलीतल्या टेबलावर ते लोकांच्या कवळ्या घासत, गुळगुळीत करत. माझी जागा त्या टेबलाशेजारी झाली. पलीकडच्या खोलीत त्यांचे वडील राहत; घरात सारे त्यांना बाबा म्हणत. दोन खोल्यांच्या मध्ये एक खिडकी होती आणि ती बहुधा उघडीच असे. वडील पूर्वी शिंपी होते. मशीन चालवून चालवून त्यांची पाठ वाकली होती, पण त्या मशीनवरच त्यांनी मुलाला दातांचा डॉक्टर केले होते.

दवाखाना रविवारी बंद असे, म्हणून माझे काम रविवारी चाले. आणि काम तरी कसे! दात कोरायच्या बारीक हत्यारांनी त्यांनी माझ्या कार्बोरेटरची छिद्रे साफ केली. तोंडात घालायचा चिमुकला आरसा माझ्या टाकीत घालून त्यांनी आतला गंज पाहिला. दात चमकवायच्या मलमाने माझ्या सायलेन्सरला घासले. माझ्या टाकीवर दोन्ही बाजूंना गोल बिल्ले होते, त्यांतला उजवा हरवला होता. तेव्हा ज्या मसाल्याने माणसांच्या हिरड्यांचा ठसा घेतात, तोच मसाला कालवून त्यांनी डाव्या बिल्ल्याचा ठसा घेतला आणि हुबेहूब उजवा बिल्ला घडवला. तो बसवल्यावर ते दोन पावले मागे सरले आणि लहान मुलासारखे हसले.

मीही खुशीत होते. पण कान शाबूत असले की सगळेच ऐकू येते.

पहिल्या काही रविवारांपैकी एका रविवारी बाबा खिडकीशी आले. "अरे, रिकामा झालास की माझी कवळी जरा बघशील का? खालची फार हलते. जेवताना टोचते."

"बघतो ना बाबा. एवढं इंजिन जोडलं की बघतोच. पुढच्या रविवारी नक्की."

"सावकाश रे. घाई नाही."

पुढच्या रविवारी माझे चाक निघाले. त्याच्या पुढच्या रविवारी चाकाच्या तारा आल्या. बाबांनी आणखी एकदाच आठवण केली. "हो हो, लक्षात आहे," असे उत्तर आले, पण मान वर झाली नाही, कारण मान माझ्या इंजिनात होती. त्यानंतर बाबांनी विचारायचे सोडून दिले. मला मात्र खिडकीतून त्यांचे जेवण दिसे. सूनबाई भात मऊ शिजवून, कुस्करून देत. तरी घास फिरता फिरता मध्येच थांबे आणि बाबा गालावर हात दाबून डोळे मिटत. मग कवळी काढून रुमालात ठेवत आणि नुसत्या हिरड्यांनी उरलेले संपवत.

सूनबाई एकदा नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, बाबांचं जेवण अर्ध्यावर आलंय. तुमच्या लक्षात येतंय का?"

"अगं, वय झालं की जेवण कमी होतंच," ते म्हणाले. त्या वेळी ते माझी साखळी रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने एकेक कडी साफ करत होते. सूनबाईंनी त्या ब्रशाकडे एकदा पाहिले आणि त्या निघून गेल्या. मला वाटले, आत्ताच्या आत्ता गंजावे.

सीटची वेळ आली तेव्हा बाबाच म्हणाले, "बाहेर कशाला देतोस? मी शिवतो."

ते माझ्या खोलीत येऊन बसले. वय झाले होते, पण टाका सरळ पडत होता. शिवून झाले की दोरा दाताने तोडायची त्यांची जन्माची सवय. दर वेळी दोरा तोंडाशी नेत, मग आठवे, तसा खाली आणत आणि कात्री शोधत. मुलगा तिथेच, हाताच्या अंतरावर, माझ्या दिव्याची काच पुसत होता. दातांचा डॉक्टर, मित्रांनो! आणि त्याला ते दिसले नाही. मला हाक मारता येत नाही याची त्या दिवसाइतकी चीड मला कधीच आली नाही. बाबांनी सीट माझ्यावर चढवली, थोपटली आणि म्हणाले, "घ्या बाईसाहेब, तुमचं नवं लुगडं." सगळे हसले. ती सीट मला आजही चटका लावते.

अखेर मी तयार झाले. अंगणात मला मधोमध उभे करून दंतवैद्यांनी मित्रांना बोलावले. त्यांना कॉलेजात कवळ्या करायला शिकवणाऱ्या बाईही आल्या होत्या. निवृत्त झाल्या होत्या, पण डोळे तसेच तीक्ष्ण. कोळशावर मक्याची कणसे भाजली जात होती. सगळे माझ्याभोवती गोळा झाले. "काय गाडी आहे!" "अरे, तोंड दिसतंय हिच्यात!" "एवढी चिकाटी आणलीस कुठून?" दंतवैद्य माझ्यावर बसले, एका लाथेत मला चालू केले, आणि माझा तो जुना भारदस्त आवाज अंगणभर घुमला. मी फुशारले. नाही म्हणत नाही.

बाबा कडेला खुर्चीवर बसले होते. एरवी सूनबाई त्यांना दाणे सोलून, वाटून देत. त्या दिवशी त्या पाहुण्यांत गुंतल्या होत्या. कोणीतरी बाबांच्या हातात अख्खे कणीस दिले. त्यांना कणीस फार आवडे. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि एक चावा घेतला.

खालची कवळी निसटून बाहेर आली आणि कणसाबरोबर त्यांच्या मांडीवर पडली. ओठाच्या कोपऱ्यात रक्त होते. बाबांनी घाईघाईने रुमाल टाकून ती झाकली. आपण काही गुन्हा केला आहे अशी त्यांची मुद्रा झाली होती.

शेजारीच बसलेल्या बाईंनी त्यांचा हात हळूच बाजूला केला. कवळी उचलून उजेडात धरली. "ही कुणी केली हो?"

बाबांचा चेहरा उजळला. दात नसल्याने शब्द विरघळत होते, तरी ते अभिमानाने म्हणाले, "ह्यानंच! कॉलेजात असताना. ह्यानं केलेली पहिली कवळी आहे ही. तुम्हीच तर पास केलीत."

"तेव्हापासून हीच वापरताय?"

"हीच. उत्तम आहे हो. माझ्याच हिरड्या झिजल्या, त्याला हा काय करणार?"

बाईंनी कवळी बाबांच्या हातात ठेवली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिले. माझ्या टाकीवरून, बिल्ल्यावरून, चाकाच्या एकेका तारेवरून त्यांची नजर फिरली. मग ती माझ्यावर बसलेल्या माणसावर थांबली. सूनबाई हातातली ताटली घेऊन जमिनीकडे पाहत होत्या. मी एकटीच धडधडत होते. एवढ्या शांततेत माझा तो आवाज किती निर्लज्ज वाटत होता म्हणून सांगू! दंतवैद्यांनी मला बंद केले. खाली उतरताना त्यांचा पाय माझ्यात अडकला.

पाहुणे लवकर पांगले. ते मला आत ढकलत घेऊन आले, पण माझ्याकडे पाहिले नाही. टेबलावर ठसा घ्यायच्या मसाल्याचा डबा होता. त्याच्या झाकणावर माझ्या तेलाचे काळे ठसे होते. त्यांनी तो डबा हातात घेतला आणि ते ठसे अंगठ्याने पुसून पाहिले. मग नळाशी जाऊन साबणाने हात धुऊ लागले. नखांतली काळी वंगणाची रेघ निघेना. ते ब्रशने घासत राहिले, बोटे लाल झाली तरी घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी टेबलावरचे माझे नटबोल्ट एका खोक्यात भरून जमिनीवर गेले, आणि टेबलावर बाबांच्या हिरड्यांचा प्लास्टरचा साचा आला. मला अडगळीत ढकलले म्हणून आनंद झाला, असे माझ्या आयुष्यात एकदाच घडले.

मेणात दात बसवून झाल्यावर बाबा ते घालून बघायला माझ्या खोलीत आले. स्टुलावर बसले. मुलगा समोर वाकून उभा राहिला. हातमोजे घातलेली बोटे बाबांच्या गालाला लागताच त्याला पुढे काही करता येईना. "बाबा, मी इतके महिने... मला शब्दच..."

"आता मी आ करू की तुझं ऐकू?" बाबा म्हणाले. "एक काय ते ठरव."

तो हसला नाही. डोळे बाहीने पुसून त्याने काम सुरू केले. बाबांनी त्याला माफी मागूच दिली नाही. रागावले असते तर बरे झाले असते. माफीशिवाय उरलेली लाज फार दिवस पुरते, हे मी जवळून पाहिले आहे. त्यानंतर कित्येक आठवडे त्याने मला हात लावला नाही. माझ्यावर धूळ बसली. कोणी मला पाहायला आले की तो "नंतर कधीतरी" म्हणून दार ओढून घेई.

शेवटी बाबाच म्हणाले, "तिच्यावर का रुसलास? तिनं काय केलंय? काढ तिला बाहेर."

रविवार होता. तो माझ्याजवळ बसला, साखळी उतरवायला घेतली. अर्धी निघाली होती, अर्धी माझ्या चाकावर लोंबत होती. तेवढ्यात बाबा आले. खिडकीतून नव्हे, दारातून. तोंडात नवी कवळी होती. काही महिन्यांपूर्वी दोनदा विचारून गप्प बसलेला तो माणूस आत आला आणि हक्काच्या, कुरकुरीच्या सुरात म्हणाला, "अरे, ही नवीसुद्धा टोचतेय. इथं, डावीकडं. आत्ता बघ."

त्याने पाना जमिनीवर टाकला. हात धुतले आणि बाबांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना पुढे दवाखान्यात घेऊन गेला. माझे तेल फरशीवर ठिबकत राहिले. संध्याकाळ झाली तरी कोणी पुसायला आले नाही. मी तशीच अर्धवट उभी होते आणि कितीतरी महिन्यांनी मला माझी लाज वाटत नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे काही जुने असेल तर त्याची निगा जरूर राखा, आम्हाला ती आवडते. पण फडके हातात घेण्याआधी घरात एक चक्कर टाका. 'पुढच्या रविवारी' म्हणून कोणाला थांबवून ठेवले आहे का, ते आठवा. आम्ही लोखंडाची माणसे आहोत. आम्ही थांबू.