अप्पांचा पाय आणि डावी डिस्क

बलभीमअप्पांनी एकतीस वर्षं एस.टी. थांबवली, पण ब्रेकला एकदाही पाय लावला नाही. ते कंडक्टर होते. त्यांनी दोरी एकदा ओढली की घंटी वाजायची, घंटी वाजली की ड्रायव्हर पाय दाबायचा, आणि साठ माणसं एकदम पुढं झुकायची; दोनदा ओढली की गाडी निघायची. ही सत्ता निवृत्तीच्या दिवशी गेली. मग पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं, कृष्णराजनं, आपली जुनी पांढरी गाडी गावी जळकोटला आणून दिली आणि अप्पा साठाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकले. तेव्हापासून ते रोज नऊ वाजता गाडी काढत. नळदुर्गला जायला कुणी असो वा नसो, मारुतीच्या पारापाशी दोन मिनिटं थांबत. वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक.

वर्षभरापूर्वी गाडीला एक खोड लागली. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं आणि पायाखालचं पॅडल बेडकासारखं उड्या मारायचं. पुढच्या दोन्ही चाकांमागच्या डिस्क, म्हणजे ब्रेक जिला चिमटीत धरून चाक थांबवतो ती लोखंडी ताटली, बदलून झाल्या. सहा महिन्यांत पुन्हा तेच.

कृष्णराज रजेवर आला आणि गावाबाहेर एक चक्कर मारून आला. उतरला तो निकाल घेऊनच.

"अप्पा, तुम्ही सारखा ब्रेकवर पाय ठेवून चालवता."

"म्या?"

"मग कोण? उद्या उमरग्याला दाखवू. मेकॅनिक म्हणाला पायाचा दोष आहे, तर गाडी मी पुण्याला नेतो. या वयात ही रिस्क नको."

"आन् दोष न्हाय म्हणला तर?"

"तर परत कधी विषय काढणार नाही."

"बरं," अप्पा म्हणाले. त्या रात्री ते तीन भाकरींऐवजी एकच जेवले. घरात याहून मोठं निवेदन कुणी कधी दिलं नव्हतं.

सकाळी तिघं निघाले. तिसऱ्या कमलबाई. त्यांची बहीण शिवकांता उमरग्यात असते आणि तिला देण्यासाठी शेंगांच्या चटणीचा डबा कायम तयार असतो. गाडी कृष्णराजनं चालवली. अप्पा शेजारी बसून प्रत्येक फाट्याला सीटच्या बाजूवर एक टकटक करत होते. कृष्णराज थांबत नव्हता. एस.टी.त असं झालं असतं तर रिपोर्ट गेला असता.

उमरग्याच्या हायवेवर शिवप्रियाचं गॅरेज आहे. वडील महालिंगप्पा ट्रक दुरुस्त करायचे. हिनं डिप्लोमा केला आणि मोटारी घेतल्या. तिनं कृष्णराजचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि त्यातलं काहीही न धरता गाडी जॅकवर चढवली. किल्ली कृष्णराजनं खिशात टाकली.

दोन्ही चाकं उतरली. शिवप्रियानं प्रत्येक डिस्कवर खडूनं आठ खुणा केल्या, मायक्रोमीटर काढला आणि एकेका खुणेवर जाडी मोजून आकडे भिंतीवर लिहिले. उजवीचे आठही आकडे एकसारखे. डावीचे मात्र कुठं जाड, कुठं पातळ, पुन्हा जाड.

"काका, पाय किती हायेत तुम्हाला?" तिनं विचारलं.

"दोन. पर ब्रेकला एकच लावतो."

"व्हय. आन् एका पायानं दाबलं की जोर दोन्ही चाकांवर सारखा जातो. दादा म्हणतेत तसं असतं तर दोन्ही डिस्क सारख्या झिजल्या असत्या. इथं निसती डावीच बिघडलीय."

अप्पांनी मुलाकडं पाहिलं नाही. फक्त शर्टाची वरची गुंडी लावली.

"मग डाव्या बाजूला काहीतरी अडकलं असणार," कृष्णराज म्हणाला.

"बघू की."

तिनं बघितलं. डिस्कला धरणारा चिमटा ज्या पिनांवर सरकतो त्या बोटानं सरकत होत्या. पिस्टन दाबला तर मागं जात होता. आतलं पॅड आणि बाहेरचं पॅड सारखंच झिजलं होतं. डिस्क जिथं बसते ती जागा लख्ख. शिवप्रिया उकिडवी बसून त्या डिस्ककडं पाहत राहिली. गुन्हा झालेला दिसत होता, आणि साक्षीदार एकूणएक सज्जन निघत होते.

"कारण सापडंना," ती शेवटी म्हणाली.

"मग कारण अप्पाच," कृष्णराज म्हणाला. खिशातली किल्ली वाजली.

"थांबा दादा. गरम झाल्यावर काय करती ते बघू. चाकं लावते. काका, तुमी चालवा. म्या शेजारी बसते."

नाइलाजानं किल्ली बाहेर आली. दोघं कर्नाटकच्या दिशेनं गेले. अप्पांनी वाटेत बारा वेळा गाडी थांबवली, आणि प्रत्येक वेळी अशी की मांडीवरचा चहाही सांडू नये. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे ब्रेक अंगावर झेलले होते. कसं थांबू नये याचा एवढा अभ्यास हायवेवर दुसऱ्या कुणाचा नव्हता. बाराव्यांदा शिवप्रिया म्हणाली, "काका, माझे बाबाबी इतकं मऊ दाबत न्हाईत." येताना अप्पांनी आणखी एकदा, गरज नसताना, थांबवून दाखवलं.

गाडी गॅरेजात परतली. समोरून तापल्या लोखंडाचा वास येत होता. शिवप्रिया दार उघडून उतरते न उतरते तोच कमलबाई चटणीचा डबा बाजूला ठेवून बाकावरून उठल्या, गॅरेजच्या ड्रममधून तांब्या भरला, चार पावलं चालल्या आणि डाव्या चाकाच्या मोठाल्या फटींतून नेम धरून सगळं पाणी आत ओतलं.

छन्न झालं. चाकातून वाफ निघाली.

"मावशी," शिवप्रिया अगदी हळू म्हणाली, "हे काय?"

"काय म्हंजी? लांबून आलीय की ती."

"रोज घालता?"

"घरी आल्या आल्या. येक तांब्या, आडातला. लई थंड असतंय."

"फकस्त डाव्या चाकावर?"

"उजवीकडं भिंत हाय. माझा हात पोचत न्हाय."

शिवप्रियानं भिंतीवरच्या आकड्यांकडं पाहिलं, मग तांब्याकडं. मग ती खाली बसली आणि हसत सुटली. कृष्णराज एवढंच म्हणाला, "आई, का?"

कमलबाईंना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आरं, तुझे अप्पा एस.टी.वरनं यायचे तवा म्या त्येंच्या पायावर पाणी घालायची. दमलेलं माणूस दारात आलं तर घालायचंच. आता हे तर बसून येतेत. चालतीय कोण? गाडी. मग पाय कुणाचे धुवायचे?"

कृष्णराजनं आईच्या हातातला तांब्या घेतला आणि ड्रमवर ठेवला.

शिवप्रियानं डोळे पुसले. "दादा, तापल्या लोखंडावर येकाच अंगानं गार पाणी पडलं की डिस्क वाकडी हुती, मग कुठं जास्त घासती, कुठं कमी. काकांचा पाय सोन्यासारखा हाय. नव्या डिस्क टाकते. तांब्या तेवढा लांब ठेवा."

"म्हणजे वर्षभर," अप्पा म्हणाले, "माझं पाणी गाडीला चाललं व्हतं."

"तुमी कधी मागितलं?" कमलबाई म्हणाल्या.

संध्याकाळ व्हायच्या आत नव्या डिस्क बसल्या. कृष्णराज स्वतःहून मागच्या सीटवर जाऊन बसला. अप्पा पुढं बसले, आरसा नीट केला आणि थांबून राहिले.

"अप्पा, चला की."

अप्पा हलले नाहीत. कृष्णराजला मग आठवलं. त्यानं पुढं वाकून सीटच्या पाठीवर दोन वेळा टकटक केली. गाडी निघाली.

जळकोटला दारात गाडी थांबली, तेव्हा स्टिअरिंग गपगार होतं. कमलबाई आधी उतरून आत गेल्या आणि तांब्या घेऊन बाहेर आल्या. सवयीनं त्या डाव्या चाकाकडं वळल्या, थांबल्या, आणि गाडीला वळसा घालू लागल्या. उजवीकडं भिंत होती. अप्पांनी ते बघितलं, सीटवरून पलीकडं सरकत सरकत डाव्या दारापाशी आले, चपला काढल्या आणि दोन्ही पाय बाहेर सोडले.

"लई दमलोय," ते म्हणाले.