घोडीला सात मुजरे

ग्वाल्हेरच्या माधवगंजात पैजा लागायच्या त्या बहुतेक कंटाळ्यातून, आणि छप्पन सालच्या ऑक्टोबरात कंटाळ्याला काही तोटा नव्हता. आठ वर्षांपूर्वी ग्वाल्हेर संस्थान मोडून मध्यभारत केला होता. आता मध्यभारत मोडून आणखी मोठं काहीतरी व्हायचं होतं आणि एक नोव्हेंबरपासून राजधानी भोपाळला. कचेऱ्यांतून फायलींचे गठ्ठे ट्रकांत चढत होते. रेकॉर्डातले हेडक्लार्क लक्ष्मीकांतराव सव्वीस वर्षं एकाच जागी बसत आले होते. खुर्ची तीच, बसणारा तोच, वरचं राज्य तेवढं तिसरं. संध्याकाळी ते नानांच्या ओट्यावर येऊन टेकायचे तेव्हा दिवसभर तेही गठ्ठ्यात बांधलेले होते की काय, असं वाटायचं.

नाना म्हणजे पलीकडच्या देवळाचे पुजारी. ओट्यावर तिसरे असायचे सूर्याजीराव, संस्थानी फौजेतून घरी बसलेले आणि गल्लीतले नंबर एकचे उपद्रवी. गेल्या होळीला त्यांनी नानांच्या दारावर 'सरकारजमा' अशी चिठ्ठी डकवली होती. नाना दोन दिवस मागच्या दाराने ये-जा करत होते, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी दार सोडवायचा अर्ज सूर्याजीरावांकडूनच लिहून मागितला होता.

त्या संध्याकाळी लक्ष्मीकांतरावांच्या काखेत लायब्ररीचं पुस्तक होतं. उद्याच्या वाईट जमान्याची गोष्ट. त्यांनी ती थोडक्यात सांगितली तर नाना म्हणाले, यात नवीन काय, हे कलियुगाचं वर्णन, आमच्या पोथीत आधीपासून आहे. लक्ष्मीकांतराव वैतागले. कलियुगात लोक पापं करतात, म्हणाले, आणि शेवटी निस्तरायला देव येतो. या गोष्टींत पाप कुणीच करत नाही. जो तो वेळेवर येतो, आपलं काम चोख करतो, सही ठोकतो, आणि सगळ्यांचा मिळून नरक होतो. शेवटी कुणी येत नाही.

"मग राक्षस कुठाय?" सूर्याजीरावांनी विचारलं.

"राक्षस लागतच नाही. आजचाच दिवस घ्यायचा आणि थोडा पुढे ढकलायचा. ऐकणाऱ्याचा थरकाप उडाला पाहिजे."

"आपल्या गल्लीतल्यांचा? बिलकुल नाही उडणार. लावता शर्त, बाबूसाहेब?"

तर ठरलं असं. लक्ष्मीकांतरावांनी तशी एक गोष्ट लिहायची आणि रविवारी दुपारी आपल्या घरी वाचायची. ऐकणाऱ्यांच्या हातात चहा. घाबरून एकाचा जरी चहा प्यायचा राहिला आणि त्यावर साय धरली, तर सूर्याजीराव हरले. सगळे कप रिकामे झाले, तर लक्ष्मीकांतराव हरले. हरेल त्याने इंदरगंजच्या चौकात, ऐन कचेरीच्या वेळेला, दौलतसिंह टांगेवाल्याच्या घोडीला सात मुजरे घालायचे. दरबारी, कमरेत वाकून.

"तुमच्या आजोबांनी गादीला घातले, तुम्ही घोडीला घाला," सूर्याजीराव म्हणाले. "खानदानी हुनर आहे, मोडू नये."

लक्ष्मीकांतरावांनी हसून हात पुढे केला. पण त्यांना गोष्ट लिहायची खुमखुमी का आली, हे त्यांनी सांगितलं नाही. कोटाच्या आतल्या खिशात सोमवारपासून एक हुकूम होता: भोपाळ, एक नोव्हेंबरला हजर व्हावे. आणि घरात दुर्गाबाई होत्या. गोरखीकडच्या मुलींच्या शाळेत अकरा वर्षं हंगामी काढल्यावर जुलैत त्यांची नोकरी पक्की झाली होती. त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते, दूधवाल्यालासुद्धा. आता हा हुकूम त्यांना कुठल्या तोंडाने दाखवायचा? रोज संध्याकाळी लक्ष्मीकांतराव तोंड उघडायचे आणि भाजी कसली केलीये ते विचारायचे.

रविवारी बैठकीत सतरंजी पडली. नाना आले, सूर्याजीराव आले, समोरच्या इंदुताई वाती वळायचं सामान घेऊन आल्या. दुर्गाबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि आपला कप घेऊन स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या. लक्ष्मीकांतरावांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

गोष्टीतल्या गावाला वरून हुकूम येतो की गाव दुसरीकडे हलवलं आहे. माणसं, घरं, किल्ला जागच्या जागी, पण कागदावर गाव गेलेलं. तेव्हा प्रत्येकाने आपल्याला गावाविषयी जे जे आठवतं ते छापील फॉर्मात भरून जमा करावं, तीन प्रतींत. एकदा जमा केलं की ते सरकारी झालं, घरी बोलायचं नाही. कुणी कुणाला मारत नाही, दटावत नाही. खिडकीवरचा बाबू फार सभ्य, म्हाताऱ्यांना स्टूल देतो. एक माणूस आठ दिवस तो हुकूम कोटाच्या खिशात घेऊन फिरतो. बायकोने कोट धुवायला मागितला की नाही म्हणतो. शेवटी रांगेत उभा राहतो, आईचा आवाज जमा करतो, शाळेची घंटा जमा करतो, लग्नाचा दिवस जमा करतो. घरी येतो. बायको विचारते, मला ओळखता ना? तो खिशातून पावती काढून दाखवतो.

लक्ष्मीकांतरावांनी कागद खाली ठेवले. इंदुताईंचा वाती वळणारा हात थांबला होता आणि त्यांना वाटलं, जमलं.

"तीन प्रती म्हणजे कार्बन लावून चालेल का?" नाना म्हणाले. "की तिन्ही हाताने लिहायच्या?"

इंदुताईंनी विचारलं, विधवांना काही सूट असेल ना, कारण पेन्शनच्या वेळेला दिली होती. मग नानांना शेवटची तारीख हवी झाली, आणि फॉर्म इंदरगंजातच मिळतील की मोतीमहालातल्या मोठ्या कचेरीपर्यंत जावं लागेल, ते. लक्ष्मीकांतराव म्हणाले, अहो नाना, ही गोष्ट आहे. नाना म्हणाले, ते खरं, पण चौकशी करून ठेवलेली बरी.

सूर्याजीराव हसून हसून सतरंजीवर आडवे झाले. मग उठले आणि पंचासारखे एकेक कप पालथा घालून दाखवायला लागले. नानांचा रिकामा. इंदुताईंचा रिकामा, तळाशी साखरसुद्धा नाही.

तेवढ्यात लक्ष्मीकांतरावांची नजर उंबऱ्याकडे गेली. दुर्गाबाई तिथे नव्हत्या. कप होता. काठोकाठ भरलेला, वर सुरकुतलेली जाड साय.

पैज जिंकली होती. नुसतं बोट दाखवायचं होतं. आणि बोट दाखवलं की सगळे विचारणार होते, दुर्गाबाई, तुम्हाला हो कशाची एवढी भीती वाटली?

त्यांनी कप उचलला आणि सायीसकट एका घोटात पिऊन टाकला. टाळूला चिकटली.

"हाही रिकामा," ते म्हणाले. "हरलो मी."

सूर्याजीरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "मिशीला साय लागलीये, बाबूसाहेब. पुसा." आणि मोठ्याने सगळ्यांना उठवायला लागले.

आत दुर्गाबाई घासलेलं पातेलं पुन्हा घासत होत्या.

"आठवडाभर कोट धुवायला देत नाही, तेव्हा मला वाटलं खिसा फाटला असेल," त्या म्हणाल्या. "भोपाळ ना?"

"एक तारखेला."

"मला सांगायची भीती वाटली, म्हणून गल्लीला वाचून दाखवलं?"

लक्ष्मीकांतरावांनी हातातला कप मोरीत ठेवला.

"मी येणार नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. पातेलं पालथं घातलं. "चिडून नाही म्हणत. अकरा वर्षांनी माझं नाव हजेरीपटात शाईने आलंय. तुम्ही जा. सुट्टीत या. माझ्या सुट्टीत मी येईन. पण खोली बघून कपडे टांगायला आधी एक खुंटी ठोका, नाहीतर तुमचा कोट तुम्ही खुर्चीवरच टाकणार."

"कप दाखवला असता तर जिंकलो असतो."

"पाहिलं मी," त्या म्हणाल्या. "आता उद्याचे मुजरे नीट घाला. अर्धवट वाकू नका."

सोमवारी सकाळी इंदरगंजच्या चौकात सायकली, टांगे आणि फाईलवाले यांची नेहमीची झुंबड होती. दौलतसिंहाने घोडी खास पुसून आणली होती. सूर्याजीरावांनी गल्लीतली पंधरा माणसं जमवली होती. पण आधी त्यांनी लक्ष्मीकांतरावांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, राहू द्या, शर्त रद्द. कप मी पाहिला होता.

"नको," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "मी हरलोय. नानांना फॉर्म हवा होता."

त्यांनी टोपी सरळ केली, एक पाऊल मागे सरले, कमरेत पूर्ण वाकले आणि हात जमिनीपासून कपाळापर्यंत आणला. एक. घोडीने शेपूट हलवली. दोन. लोक हसले. तीन. पाठ कुरकुरली. चौथ्याला घोडीने लीद टाकली तेव्हा हसणं फार वाढलं, आणि पाचव्यापर्यंत लोकांना कचेरीची वेळ आठवून गर्दी पांगायला लागली.

सहाव्याला लक्ष्मीकांतरावांच्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. ओळखीचा नव्हता. साधारण त्यांच्याच वयाचा, काखेत फाईल, डोळ्यांखाली काळं, सकाळीच थकलेला.

"भाईसाहब," त्याने विचारलं, "नया आदेश है क्या? कितने करने हैं?"

लक्ष्मीकांतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कोटाचा आतला खिसा फुगलेला होता.

"सात," ते म्हणाले, आणि शेवटच्यासाठी वाकले.

त्या माणसाने मान डोलावली. फाईल दोन्ही पायांच्या मध्ये नीट ठेवली आणि आपली पाळी यायची वाट बघत उभा राहिला.