शनिवारची पाखड

मशीन आली तेव्हा आमी अकरा जणी होतो. आता मी एकटी आहे. मधल्या तीन आठवड्यांत काय झालं ते लिहिते. मला कुणी चांगलं म्हणावं म्हणून लिहीत नाही.

ताडकळसच्या अलीकडं, रोडला लागून बन्सीधरशेठची डाळ मिल आहे. तूर आत जाते, भरडली जाते, सालं उडतात आणि खाली पिवळी डाळ पडते. तिच्यात काळे दाणे असतात, किडके असतात, साल चिकटलेले असतात, खडे असतात. ते वेचायचं काम आमचं. भिंतीला पाठ लावून ओळीनं बसायचं, समोर पत्र्याचा ट्रे, डाव्या हातानं डाळ पसरायची, उजव्या अंगठ्यानं नको तो दाणा कडेला ढकलायचा. सकाळी नऊ ते सहा. आमच्या हातची डाळ सगळ्या जातींच्या पोटात गेली, कुणी कधी विचारलं नाही कोणी वेचली. मिलमध्ये पाण्याचे माठ मात्र दोन आहेत. कुणाचा कोणता, हे कुणी सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे.

वेचून कडेला टाकलेल्या खराब डाळीला आमी पाखड म्हणतो. शेठच्या वडिलांनी रीत पाडली होती, आठवड्याची पाखड शनिवारी संध्याकाळी वेचणाऱ्या बायांनी वाटून घ्यायची. घरी नेऊन पुन्हा वेचायची, खाण्यासारखं निघंल ते खायचं, राहिलेलं शेरडाला.

बारा वर्षांपूर्वी मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या सासूनं, मालनबाईनं, मला इथं आणलं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांनी माझा अंगठा धरून शिकवलं. हा काळा. हा किडका. ह्याचं साल राहिलंय. मग एक दाणा दाखवला. मी म्हणाले, हा तर चांगला हाय. त्यांनी नखानं त्याची कड दाखवली, सुईच्या टोकाएवढा डाग होता. म्हणाल्या, "हा बी आपला."

आपला म्हणजे काय ते मला शनिवारी कळलं. त्या आठवड्यात घरी वरण झालं.

ह्याला चोरी म्हणायची असंल तर म्हणा. पण मी खरं सांगते, दोन-तीन वर्षांत तसला दाणा मला खराबच दिसायला लागला. अंगठा आपोआप जायचा. मला वाटायचं मी नीट काम करायलेय.

दिवाळीनंतर शेठनी आमाला अंगणात बोलावलं. मुनीम नागनाथ त्यांच्या मागं उभा होता, हातात मोबाईल.

शेठ म्हणाले, "मोठे व्यापारी आता हातानं वेचलेला माल घेईनात. मशीनचाच मागायलेत. माझ्या हातात काही न्हाई."

मग नर्मदाबाई म्हणाल्या, "मंग आमी?" त्या सगळ्यांत म्हाताऱ्या, शेठपेक्षा मोठ्या.

"एक बाई लागंल मशीनपाशी. काच पुसायला, लाइट बघायला. जिचं काम चांगलं तिला ठेवू." शेठनी आत्याबाईकडं बघितलं. "मालनबाई, मशीनला आधी डाळ शिकवावी लागती म्हणे. तुमच्याइतकी नजर कुणाची न्हाई. तुमी शिकवा. जागा तुमची."

आत्याबाई म्हणाल्या, "शिकवते. जागा माझ्या सुनेला द्या, सुकेशनीला. माझं किती दिवस राह्यलं."

शेठ हाव म्हणाले. अकरातली एक जागा आमच्या घरात आली. माझा नवरा धम्मपाल पुण्याला एका कंपनीच्या गेटवर उभा असतो, पगार कधी येतो कधी येत नाही. त्यामुळं मला आनंद व्हायला पाहिजे होता. बाकीच्या नऊ जणी चपला शोधत होत्या आणि माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

मशीन ट्रकमधून आली. दोन माणसांएवढी उंच, पांढरी. वरून डाळ उतरत्या पत्र्यावरून खाली सुटते, मधे कॅमेरे आहेत, नको तो दाणा दिसला की बारीक हवेचा फटका मारून त्याला दुसरीकडं उडवते. एका तासात आमी अकरा जणी आठवड्यात वेचू तेवढी डाळ वेचते. तिच्याबरोबर कोइमतूरचा इंजिनिअर आला होता. त्याचं नाव कुणाला घेता येईना, म्हणून सगळे साहेब म्हणायचे. तो हिंदीत म्हणाला, मशीनला काही कळत नाही, तुम्ही दाखवाल तेच ती शिकेल. एका ट्रेमध्ये चांगला माल द्या, दुसऱ्यात खराब.

आत्याबाई तीन दिवस शिकवत होत्या. त्यांना टेबलापाशी खुर्ची दिली होती. एकतीस वर्षांत त्या मिलमध्ये खुर्चीवर पहिल्यांदाच बसल्या, पाय जमिनीला टेकत नव्हते. त्या वेचायच्या, मी ट्रे मशीनखाली सरकवायचे आणि स्क्रीनवरचं बटण दाबायचे. फोटो निघायचा. प्रत्येक ट्रे माझ्या डोळ्याखालून गेला. मला कुठंच काही चुकलेलं दिसलं नाही.

सोमवारी नारळ फोडला. मशीन सुरू झाली, तापल्या तेलात मोहरी पडल्यासारखा तडतड आवाज. आमी अकरा जणी भिंतीपाशी उभ्या होतो. बसायला काम नव्हतं आणि जायला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी नागनाथ पाखडीच्या बाजूनं आला. "शेठ, हिकडं पोत्यावर पोतं भरायलंय."

साहेबानं मूठभर पाखड तळव्यावर पसरली. "सर, ये तो अच्छा माल है."

"मशीन बिघडली का?"

"नहीं सर. जो दिखाया वही कर रही है."

त्यानं स्क्रीनवर आत्याबाईंच्या खराबच्या ट्रेचा फोटो उघडला. एक दाणा मोठा केला, भाकरीएवढा. पिवळाधमक. कडेला एक टिंब. त्यानं दुसरा काढला, तिसरा काढला. सगळे तसेच.

शेठनी पाखडीतला एक दाणा उचलला. "मालनबाई, हा फेकायचा का?"

आत्याबाईंनी डोळ्याजवळ नेला. "हाव."

"काय खराब हाय ह्यात?"

"डाग हाय की."

"कुठं?"

त्यांनी नखानं दाखवला. शेठना दिसंना. नागनाथला दिसंना. मला दिसत होता, पलीकडं बायांत उभ्या असलेल्या रेणुकाला बी दिसत असणार. सगळ्या गावात तो डाग फक्त आमाला अकरा जणींना दिसायचा.

नागनाथ म्हणाला, "काय मालनबाई, शनिवारच्या वाटणीत मशीनला बी घेतलं का?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि थांबलं.

शेठ हळू बोलायलेते. "माझ्या वडिलांनी तुमाला पाखड दिली. डाळ न्हाई दिली."

"तुमचे वडील दर शनिवारी पाखडीत हात घालून बघायचे, शेठ," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, उतरला नाही. "त्यायला समदं ठावं होतं. आमी रोजी वाढवा म्हणलं की म्हणायचे, पाखड हाय की तुमाला. तुमी बी तेच म्हणायलाव. मागच्या साली म्हणलाव, ह्या साली म्हणलाव."

शेठनी परत स्क्रीनकडं बघितलं. अर्धी रोजी डागात देऊन बापानं मिल चालवली, लेकानं चालवली, आणि हिशोब कधी कागदावर आला नाही म्हणून ती रीत. स्क्रीनवर आली की चोरी.

मग ते माझ्याकडं वळले. "सुकेशनी, तू दहावी झालीस ना. तू वेच. ह्याच पाखडीतलं चांगलं चांगल्यात टाक, खराब खराबात. नीट झालं तर जागा तुझी. न्हाईतर परभणीहून कॉम्प्युटर झालेली पोरगी आणतो."

मी खुर्चीपाशी गेले. बसले नाही. मी एकेक दाणा उचलून चांगल्यात टाकणार म्हणजे दहा बायांसमोर, शेठसमोर, एकेक दाणा उचलून सांगणार की हा आमी चोरला, हा बी आमी चोरला. सासूच्या समोर.

नर्मदाबाई म्हणाल्या, "मशीन आली म्हणून आमी चोर झालाव का, शेठ? काल तर न्हवताव."

"तुमाला कुणी चोर म्हणलं का, नर्मदाबाई?" शेठ म्हणाले.

"न्हाई म्हणलं. वेचाया लावलंय फक्त."

मी आत्याबाईकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "वेच."

"आत्याबाई."

"वेच म्हणलं ना. घरात एकीला तरी काम पायजे. माझं नाव गेलं तर जाऊ दे, मी कुठं आता नोकरीला जायलेय."

बसले. ट्रे ओढला. डाळ पसरली आणि माझा अंगठा डागाच्या दाण्याकडं गेला, त्याला कडेला ढकलून मोकळा झाला. मी तो परत आणला. पुढचा बी तसाच गेला. पाचव्या-सहाव्या दाण्याला मला कळलं की मला हे जमणार नाही. चांगला दाणा कसा असतो ते मला ठाऊक नव्हतं. आईकडं असताना ठाऊक असंल, नंतर ते गेलं.

साहेबाला सांगितलं तर त्यानं प्रत्येक ट्रेचा फोटो स्क्रीनवर मोठा करून दिला. मग मी डाळीकडं बघायचं सोडलं आणि स्क्रीनकडं बघून वेचलं. स्क्रीनवर डाग केवढा दिसतो ते बघायचं, टिंबाएवढा असला की चांगल्यात. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता, डाव्यानं उचलत होते. हात लवकरच सुन्न झाला. बरंच झालं. मागं दहा जणी उभ्या होत्या. आधी त्यांचा आवाज येत होता, बांगड्यांचा, पदर झटकल्याचा, मग येईना. त्या गेल्या का उभ्या आहेत ते बी मी वळून बघितलं नाही. मला काही वाटत नव्हतं. वाईट वाटलं असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण नव्हतं वाटत. कॉम्प्रेसर चालू होता, बंद होत होता, परत चालू होत होता.

पाच वाजता साहेबानं मशीन परत लावली. तासाभरात पाखडीच्या बाजूला अर्धी बादली जमली. काळे दाणे, खडे, कोंडा.

"परफेक्ट," साहेब म्हणाला. माझ्याकडं बघून मान बी हलवली.

चोर हा शब्द शेठनी शेवटपर्यंत वापरला नाही. आठवडाभर बायांना झाडझूड, पोती शिवणं असलं काम दिलं आणि शनिवारी सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. शब्द नागनाथनं वापरला, बसस्टँडच्या हॉटेलात. बाजाराच्या दिवसापर्यंत ताडकळसला सगळ्यांना माहीत झालं होतं, मालनबाईच्या टोळीनं तीस वर्षं डाळ पळवली आणि सुनेनं पकडून दिली. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत असं मी म्हणू शकत नाही.

त्याच शनिवारी संध्याकाळी बाया पाखडीला थांबल्या. न्यायला घरून पिशव्या आणल्या होत्या. आत्याबाई थांबल्या नाहीत, दुपारीच घरी गेल्या.

शेठ म्हणाले, "द्या की. त्यांचा हक्क हाय. माझ्या वडिलांची रीत मी मोडणार न्हाई. सुकेशनी, तू वाट."

मी वाटली. मापानं, सगळ्यांना सारखी. राजेश्रीनं पिशवी पुढं केली, तोंड दुसरीकडं. रेणुकानं पिशवी पुढं केली, बघितलं आणि तशीच मागं घेतली. ती न घेताच गेली.

नर्मदाबाईंनी घेतली. हात घालून वर-खाली केलं. काळं, किडकं, माती. बराच वेळ बघत होत्या, मला वाटलं त्यांना नीट दिसत नसंल.

"सुकेशनी, ह्यात एक बी पिवळा न्हाई गं."

"न्हाई, मावशी."

"लय नीट शिकवलीस बाई तू मशीनला."

त्या रागानं म्हणाल्या असत्या तर मी काही बोलले असते. त्यांनी पिशवीला गाठ मारली आणि ऑटो गाठायला निघाल्या.

सोमवारी मी कामाला गेले. हॉलमधे भिंतीपाशी जिथं आमी बसायचो तिथं अकरा जागी रंग उडालेला आहे, पाठी घासून. साहेब त्या दिवशी परत जाणार होता. त्यानं मला दाखवलं, तासाला ही काच पुसायची, लाल लाइट लागला की हे बटण, बाकी कशाला हात लावायचा नाही. डाळीला तर अजिबात नाही. आकडे शेठच्या मोबाईलवर आपोआप जातात.

पहिल्या दिवशी लाल लाइट लागला नाही. मी काच नऊ वेळा पुसली. ती मुळात घाण झाली नव्हती.

घरी आले तेव्हा आत्याबाई दारात बसल्या होत्या. हात मांडीवर. मी चूल पेटवली, चहा ठेवला. त्या आत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

"कसं हाय काम?"

"काम न्हाई, आत्याबाई. उभं राहायचं."

"दिवसभर?"

"हाव."

"बसू देत न्हाईत?"

"खुर्ची हाय. बसलं की स्क्रीन दिसत न्हाई."

त्यांनी चहा घेतला. बशीत ओतला, फुंकला, पिऊन झाला.

"त्याचा पगार देत्यात ना?"

"देत्यात."

"मंग ऱ्हा उभी," त्या म्हणाल्या आणि बशी विसळायला उठल्या.