हलका क्लच

"चार दिवस बरा चालला क्लच, मुखरू. आता पुन्हा जड झाला," फटफटी दुकानासमोर स्टँडवर लावत गुणवंतराव म्हणाले. "घोटच्या रस्त्यानं दोनदा बंद पडली."

"भाऊ, याच्याहून हलका केला तं चिमणी बसली तरी दबन."

"मंग बसव चिमणीच हँडलवर. मी मागं बसतो."

ते हसत बाकड्यावर टेकले. चामोर्शीच्या बसस्टँडमागे मुखरूचं हे फटफट्या दुरुस्तीचं दुकान होतं. गुणवंतराव सरकारी कुष्ठसेवक. पंधरा वर्षं चाळीस गावं फिरत होते. गावात जायचं, लोकांचे हातपाय तपासायचे, चट्टे शोधायचे, रोग्यांना गोळ्या पोचवायच्या. निम्म्या गावांना एस.टी. नव्हती. गाडी बंद म्हणजे गोळ्या बंद, हे मुखरूला ठाऊक होतं, म्हणून या गाडीला तो कधी थांबवून ठेवत नसे.

क्लच जड झाल्याची तक्रार पहिल्यांदा आली ती गेल्या होळीला. त्याने नवी केबल टाकली. पोळ्याला ते पुन्हा आले, तेव्हा त्याने डोकं लढवलं. केबल इंजिनाजवळच्या ज्या दांडीला ओढते, ती दांडी त्याने लोहाराकडून बोटभर लांब करून आणली. दांडी लांब झाली की जोर कमी लागतो. दिवाळीत त्याने आतल्या स्प्रिंगा सैल केल्या. मग चढावर क्लच घसरू लागला, तेव्हा नव्या प्लेटा घातल्या. तालुक्यात एवढा मऊ क्लच दुसऱ्या गाडीला नव्हता. येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो ती लांब दांडी आवर्जून दाखवायचा.

आता संक्रांत होऊन गेली होती. मुखरूने दोन बोटांनी लिव्हर दाबला. तो मुठीला जाऊन टेकला. केबल कुठे मोडलेली नव्हती, कुठे अडत नव्हती. त्याने गिअर टाकून पाहिला, चाक फिरवून पाहिलं.

"भाऊ, गाडीत काईच नाई."

"मंग मी लबाड बोलून राह्यलो का?"

"तसं नाई. तुमी दाबून दाखवा."

गुणवंतराव सीटवर बसले आणि त्यांनी डाव्या हाताने लिव्हर दाबला. पहिली दोन बोटं घट्ट बसली. अनामिका आणि करंगळी मात्र अर्धवट वाकून लिव्हरवर नुसती टेकली होती. लिव्हर अर्ध्यातच थांबला. करंगळीच्या कडेला एक फुटलेला फोड होता.

"हे कशानं पोळलं?"

"अं?" त्यांनी हात उलटा करून पाहिला. "चुलीवरून चहाचा गंज उतरवताना लागला असन. ध्यानात नाई."

मुखरूने पाना खाली ठेवला.

"उजव्या हातानं दाबा बरं, भाऊ."

गुणवंतराव उतरले, समोरून वाकले आणि उजव्या हाताने त्यांनी लिव्हर दाबला. तो मुठीपर्यंत गेला. त्यांनी सोडून पुन्हा दाबला. पुन्हा गेला.

मग गुणवंतरावांनी डावी बाही वर सारली आणि उजव्या अंगठ्याने कोपरामागची खोबण चाचपली. अशी हजारो कोपरं त्यांनी चाचपली होती. अंगठा एका जागी थांबला.

"सुतळीसारखी लागते नस," ते म्हणाले. "लई जाड झाली."

"गोळ्या आहेत ना, भाऊ. तुमीच तं बाजारात सांगता, कुष्ठरोग बरा होते म्हणून."

"रोग बरा होते. त्याचं भेव नाई मले. हाताचं येगळं हाय. नस सहा महिन्याच्या आत धरली तं जोर वापस येते कधीकधी. मंग नाई येत." ते थांबले. "तुयाकडं पहिल्यानं कधी आलतो मी?"

"होळीले."

मुखरूने मनातल्या मनात महिने मोजले. पोळा सहा महिन्यांच्या आत बसत होता.

"मी हलका करत गेलो, भाऊ. जड राहू देला असता तं..."

"तुले मी गाडी दाखवली, हात नाई दाखवला," गुणवंतराव म्हणाले. "साऱ्या दुनियेचे हात पाह्यले, बापा. आपला क्लचवर ठेवून देला."

त्यांनी खिशातलं बॉलपेन काढून मुखरूला दिलं.

"एवढं कर. हे आपलं आपल्याले नाई होत. मी डोळे मिटतो. तू पेन हलकंच टेकवायचं. जिथी लागन तिथी मी बोट ठेवतो. करंगळीपासून सुरू कर."

मुखरूने ग्रीसचे हात फडक्याला पुसले. गुणवंतरावांनी डावा तळवा मांडीवर उघडा ठेवला, डोळे मिटले आणि उजव्या हाताचं बोट तयार धरलं. मुखरूने करंगळीच्या टोकावर पेन टेकवलं. मग दाबलं. तिथे निळा ठिपका उमटला आणि खड्डा पडला.

"लाव ना, मुखरू."

मुखरूने पेन उचललं आणि अंगठ्यावर टेकवलं. गुणवंतरावांचं बोट लगेच तिथे आलं.

"अंगठा," ते म्हणाले. मिटल्या डोळ्यांनीच हसले. "तपासणाऱ्यालेच फसवतो का रे? करंगळी सांगतली होती."

"हो, भाऊ."

"चाल, लाव."

मुखरूने पेन पुन्हा करंगळीवर टेकवलं. गुणवंतरावांचं बोट हवेत तसंच थांबून राहिलं. स्टँडवरून गडचिरोलीची गाडी निघाली, तिच्या कंडक्टरने दोनदा घंटी मारली. मुखरूने पेन उचललं नाही.