मानसिक स्थिती उत्तम

निकितानं आणलेल्या संगणकावर तालुक्याच्या पोलीस ठाण्यात कुणाचाच भरवसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर गेल्या चार दिवसांत तिचाही उडत चालला होता. परभणीच्या कॉलेजात बसून तिनं त्याला बेपत्ता माणसांच्या नऊशे जुन्या नोंदी शिकवल्या होत्या. नवी तक्रार भरली की माणूस आधी कुठं शोधायचा, हे तो सांगायचा. चारठाण्याच्या चंद्रप्पांच्या बाबतीत मात्र त्यानं ताळतंत्रच सोडलं. चौऱ्याहत्तर वर्षांचे किराणा दुकानदार घरातून नाहीसे झाले, तर हा म्हणे रागानं गेलेत, हैदराबादेत काम करत असतील. फोटोही तिकडंच गेले.

"म्हातारा ह्या वयात विटा वाहायलाय का, ताई?" धम्मपाल हवालदार दर चहाला विचारायचे.

निकिताला हसू येत नव्हतं. चंद्रप्पांची बायको मल्लम्मा रोज सकाळी येऊन समोरच्या बाकावर बसायची. पाचव्या दिवशी निकितानं तक्रारीचा कागद पुन्हा पुढं ओढला आणि एकेक रकाना विचारायला घेतला. मानसिक स्थिती? आईसोबत आलेला मुलगा सोमेश्वर झटकन म्हणाला, उत्तम. मल्लम्मानं लेकाकडं पाहिलं. लेकानं पंख्याकडं पाहिलं.

"उत्तम कशाची? दोन वर्षं झाली, समदं इसरून जायलेत," ती म्हणाली. "दुकानाची वाट रोज मी दावते."

सोमेश्वरनं खाली मान घातली. पोरीची, अर्पिताची, सोयरीक जुळत आली होती. घरात असा आजार आहे म्हटल्यावर पाहुणे काय म्हणतील, या धास्तीनं त्यानं ते दडवलं होतं. पाहुण्यांना मी बघते, तू आधी माणूस घरी आण, असं आईनं सुनावल्यावर त्यानं स्वतःच पेन घेतलं, 'उत्तम' खोडलं आणि 'विसरतात' लिहिलं.

निकितानं तो एक शब्द संगणकात भरला आणि हैदराबाद त्याच्या यादीतून पार गेलं. विसरणारी माणसं बहुधा लहानपणीच्या गावाकडं जातात, हे त्या नऊशे नोंदींत होतंच. चंद्रप्पा मूळचे कुठले? बोरीचे, बारा वर्षांचे असताना गाव सोडलेलं. धम्मपाल हवालदार चहा अर्धा टाकून उठले.

बोरीच्या बाजारात, भागवत नावाच्या दुकानदाराच्या ओट्यावर, कपाळाला विभूती लावून चंद्रप्पा शेंगदाण्याच्या पुड्या बांधत बसले होते. भागवत सांगत होता की आजोबा एसटीतून उतरले ते थेट इथंच आले. नाव सांगेनात, गावात कुणी ओळखेना, म्हणून त्यानं जेवू घालून ठेवून घेतलं. काम मात्र फर्स्टक्लास, असंही तो म्हणाला. निकिताला एकदम इतका आनंद झाला की तिनं हवालदारांचा हातच धरला.

मल्लम्मा जीपमधून उतरून ओट्यापाशी उभी राहिली. चंद्रप्पांनी तिला बराच वेळ निरखलं.

"बाई, तुमाला कुठं तरी बघितल्यावानी वाटायलंय."

"बघितलंय की," मल्लम्मा म्हणाली. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. "पन्नास वर्षं झाली, रोज बघायलाव."

चंद्रप्पांनी विचार केला. मग पोतं सरकवून शेजारी जागा केली.

"मग उभ्या कशाला? बसा की."