दारातून परत पाठवलेला मित्र

आमच्या डोंगरातल्या गावात यावदोखाचा मुलगा ल्युबको लढाईच्या आघाडीवरून परत आला, तेव्हा हातपाय धड होते. एका कानाने कमी ऐकू यायचं, एवढंच. पोरगं सुखरूप आलं म्हणून तिने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. पण त्याला पलंगावर झोप येईना. तळघरात, बटाट्यांच्या पोत्यांशेजारी अंथरूण टाकून तो पडून राहायचा.

बर्फ वितळल्यावर त्याच्या तुकडीतला ह्लीब आला, नकली पायावर चढण चढून. परतलेल्या सैनिकांसाठी शहरात एक केंद्र आहे, तिथे मनाच्या डॉक्टरीणबाई आपलं ऐकून घेतात, मलाही तिथे जायला लागल्यावरच झोप यायला लागली, असं त्याने सांगितलं. ल्युबकोला न्यायला आला होता. यावदोखाने त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. असल्या ठिकाणी गेल्याचं गावाला कळलं तर ल्युबकोला मुलगी कोण देणार?

"आमच्यात वेडं कुणी नाही," ती म्हणाली. "आणि तो घरात नाहीये. कुरणावर गेलाय."

"मावशी, वेडा मीही नाही," ह्लीब म्हणाला आणि उतरणीला लागला. तळघरात ल्युबकोला सगळं ऐकू गेलं.

शरद ऋतूत चुलतबहिणीचं लग्न होतं. मांडवात पोरांनी फुगे फोडले. ल्युबकोने नवरीला खाली ओढलं आणि तिला झाकून तिच्यावर पालथा पडला. हशा पिकला. तो थरथरत होता. यावदोखा धावली खरी, पण तिच्या तोंडून निघालं, "ऊठ रे, लोक बघतायत."

तो उठला, गुडघे झटकले आणि निघून गेला. घरी आलाच नाही.

तो ह्लीबकडे असल्याचं यावदोखाला कळायला हिवाळा उजाडला. चीज आणि वाळवलेली अळंबी घेऊन ती बसने शहरात गेली. दार ह्लीबनेच उघडलं. "या मावशी, गारठला असाल," म्हणत त्याने तिचा कोट काढून घेतला. तिला वर बघवेना.

ल्युबकोच्या अंगावर मांस चढलं होतं. तो सुतारकाम करत होता, केंद्रात जात होता. जेवताना एकदा हसलाही. घरी कधी येशील, असं तिने विचारलं.

"नाताळला येईन, आई. दोन दिवस," तो म्हणाला. "राहायला नाही."

तो तिला थांब्यावर सोडायला आला. माफी मागायचे शब्द तिने वाटभर जुळवले होते. बस दिसली तशी ती म्हणाली, "आपली गाय गाभण आहे बरं का."

"बरं झालं," तो म्हणाला आणि तिची पिशवी वर चढवून दिली.